बालपणाचा परिसर आणि चित्रकाराची शैली

एखाद्या प्रदर्शनात चित्राखालची सही हाताने झाकली, तरी जाणकार प्रेक्षक ते कोणाचे चित्र आहे हे चटकन सांगतो. ओळखीच्या गवयाचा गळा भिंतीपलीकडूनही ओळखू यावा, तशीच ही ओळख होय. तिलाच आपण चित्रकाराची शैली म्हणतो. ही शैली येते कोठून, आणि बालपणी डोळ्यांखालून गेलेल्या परिसराचा तिच्यात वाटा किती, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. तो वरवर कलावंतांचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू गेले की ते आपल्या जिल्ह्यातील शाळांपर्यंत आणि उसाच्या फडापर्यंत येऊन पोहोचते. म्हणून तो नगरच्या श्रोत्यांपुढे मांडावासा वाटला.

या बाबतीत दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत असे की, कला ही ईश्वरी देणगी आहे. ज्याच्या हाती ती आहे तो राजवाड्यात जन्मो की झोपडीत, चित्र काढणारच. दुसरे मत आमच्या चळवळीतील मंडळींना प्रिय आहे. माणूस परिस्थितीने घडतो, तेव्हा परिस्थिती सांगा, आम्ही चित्र सांगतो, असे ते म्हणतात. पहिले मत मानले तर समाजाने करावयाचे काहीच उरत नाही. दुसरे मानले तर एका आळीत वाढलेल्या शंभर मुलांनी एकसारखी चित्रे काढावयास हवी होती. पण तसे कोठे घडलेले नाही. खरे काय ते पाहण्यासाठी आपण काही चित्रकारांची आयुष्येच उघडून पाहू.

तत्पूर्वी शैली म्हणजे काय ते उलगडून घेतले पाहिजे. सुतारकामात लाकूड, अवजार आणि हाताची सवय या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. तशा चित्रातही चार गोष्टी वेगळ्या करता येतात. पहिली रेषा: ती नाजूक आहे की जाड, तुटक आहे की वाहती. दुसरी रंग. तिसरी जागेची वाटणी, म्हणजे कागदावर कोठे काय ठेवले आणि कोठे मोकळे सोडले. चौथी प्रमाण, म्हणजे काय मोठे काढले, काय लहान आणि काय गाळले. विषय हा यांहून निराळा. डोंगर हा विषय हजार जणांचा असू शकतो. पण तो कोणत्या रेषेने, रंगाने, किती जागेत आणि केवढा काढावा हे ज्याचे त्याचे. बालपणाचा परिसर या चार गोष्टींत शिरतो, आणि बहुधा विषयापेक्षा अधिक खोल शिरतो.

परिसर चित्रात शिरतो याचा एक जुना दाखला आपल्या गावचाच आहे. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही निजामशाहीतील सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. १५६५ साली तालीकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला. त्या लढाईतील अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचे गुणगान आफताबी नावाच्या कवीने फार्सीत केले, आणि त्याला चित्रांची जोड मिळाली. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ही पोथी मोडते. पोथीची भाषा फार्सी आणि बांधणीही इराणी वळणाची. परंतु तिच्यातील स्त्रियांची ठेवण आणि पेहराव पाहावा, तो हिंदुस्थानी आहे. एका चित्रात राणीच्या स्पर्शाने झाड फुलते, ही कल्पनाही आपल्याच मातीतील. दरबाराने साचा परदेशी दिला, तरी डोळ्यांना रोज जे दिसत होते ते कुंचल्यातून उतरल्यावाचून राहिले नाही.

आता अलीकडच्या काळात येऊ. १९४७ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ नावाचे तरुण चित्रकारांचे मंडळ स्थापन झाले. त्यात सूझा, रझा, हुसेन आणि आरा हे चौघे होते. शहर एक, काळ एक, प्रदर्शनाच्या भिंतीही त्याच. असे असून चौघांच्या चित्रांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर तपासण्यासाठी याहून चांगला नमुना क्वचितच मिळेल.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली गोव्यातील बारदेशात, साळगाव येथे झाला. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांत वडील वारले. पुढे मुलाला देवी आल्या. तो वाचला तर त्याला पाद्री करीन, असा नवस आईने बोलला, आणि मूल वाचल्यावर संत फ्रान्सिस झेवियरचे नाव त्याच्या नावात आले. आई शिवणकाम करून पोट भरण्यासाठी मुंबईस गेली. मुलगा पाद्री झाला नाही. परंतु चर्चमधील वेदी, झगे घातलेले धर्मगुरू आणि क्रूसावर खिळलेला, जखमांनी भरलेला ख्रिस्त त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. सूझांची रेषा पाहावी: जाड, काळी, खिळा ठोकावा तशी. त्यांच्या माणसांच्या चेहऱ्यावर ओरखडे आणि अंगात बाण असतात. लंडनच्या टेट संग्रहालयात त्यांचे १९५९ सालचे क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र आहे. त्यात गोडवा औषधालाही सापडावयाचा नाही. लहानपणी ज्या मूर्तीपुढे गुडघे टेकले, तिच्याशी सूझा पुढे जन्मभर भांडत राहिले. परिसर माणसाला नेहमी आपल्या बाजूचा करतो असे नव्हे. कधी तो विरोधकही घडवितो. पण भांडणाची भाषा मात्र त्याच परिसराची असते.

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण याहून निराळे आहे. ते १९२२ साली मध्यप्रांतातील मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे जन्मले. वडील जंगल खात्यात नोकरीस होते. नर्मदेकाठचे दाट रान, रात्रीचा गडद काळोख, त्या काळोखात शेकोटीच्या उजेडात नाचणारे गोंड, आणि बाजारच्या दिवशी उसळणारे रंग ही त्यांची लहानपणची दुनिया होती. मुलगा चंचल, अभ्यासात लक्ष लागेना. तेव्हा शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसावयास सांगितले. ही हकीकत रझांनी पुढे अनेकदा सांगितली. त्यांचे चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झाले, नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि तेथेच राहिले. १९५६ साली त्यांना तेथील समीक्षकांचे पारितोषिकही मिळाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फ्रान्सला गेल्यानंतर वीसएक वर्षे रझांच्या चित्रांत तो ठिपका नव्हता. तिकडची खेडी, घरे, चर्च, मग रंगांचे उसळते पट्टे, असे त्यांचे काम चालले होते. नाव झाले, पैसा आला, पण यात आपले स्वतःचे काय, असा प्रश्न त्यांना छळू लागला. मग सत्तरीच्या दशकात ते वारंवार हिंदुस्थानात येऊ लागले आणि तो मंडल्याच्या शाळेतील ठिपका ‘बिंदू’ होऊन चित्राच्या मधोमध येऊन बसला. त्याच्याभोवती काळा, तांबडा, पिवळा असे रानातील रात्रीचे आणि बाजारातील दिवसाचे रंग गोळा झाले. परिसर शैली घडवितो हे खरे, पण यंत्रात कच्चा माल घातला की पक्का माल बाहेर पडावा तसा नव्हे. तो जमिनीत बी पडून राहावे तसा राहतो, आणि ओल मिळाली म्हणजे उगवतो. २०१६ साली रझा वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास नर्मदेच्या गावी, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

तिसरे उदाहरण पंढरपूरचे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरीत १९१५ साली झाला. दीड-दोन वर्षांचे असताना आई गेली. तिचे छायाचित्र नव्हते आणि चेहरा आठवत नव्हता. हुसेन यांच्या पुष्कळ चित्रांतील स्त्रियांना चेहरा नसतो. मदर तेरेसा यांच्यावरील चित्रमालेत तर पदर आहे, हात आहेत, मांडीवर मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी आहे. आईच्या न आठवणाऱ्या चेहऱ्याशी या पोकळीचा संबंध त्यांनी स्वतःच जोडला होता. बालपणी जे दिसले त्याप्रमाणेच जे दिसले नाही तेही शैली घडविते, हे येथे शिकावयास मिळते. आम्ही वर चौथी गोष्ट म्हणून जे ‘गाळणे’ म्हटले, ते हेच.

हुसेन यांच्या शैलीचा दुसरा भाग मात्र बालपणातून आलेला नाही. तो रोजगारातून आला. तरुणपणी मुंबईत त्यांनी पोटासाठी सिनेमाचे भले मोठे फलक रंगविले, आणि मुलांच्या खेळण्यांचे व फर्निचरचे नमुनेही केले. पुरुषभर उंचीचा चेहरा शिडीवर उभे राहून थोड्या वेळात उभा करावयाचा, तो रस्त्यापलीकडून ओळखू आला पाहिजे, आणि रंग वाया जाता कामा नये, अशा कामात हात जसा घडेल तसाच त्यांचा घडला: लांब, वेगवान, न अडखळणारी रेषा. कलेच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. माणूस जे काम करतो ते त्याच्या हाताला वळण लावते, हे कोणाही कारागिराला सांगावे लागत नाही. परिसर म्हणजे केवळ झाडे आणि नदी नव्हे. घरात चालणारे काम, त्याची अवजारे आणि त्याचा वेग हाही परिसरच.

आता चौथे गृहस्थ. कृष्णाजी हौळाजी आरा १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारम येथे जन्मले. आई लहानपणीच गेली. सातव्या वर्षी ते घरातून पळून मुंबईस आले. परक्यांच्या घरी घरगडी म्हणून राहिले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. परिस्थिती सांगा, चित्र सांगतो, म्हणणाऱ्यांनी येथे सांगून पाहावे. ते म्हणतील, आरांच्या चित्रांत भूक असेल, मळके हात असतील. प्रत्यक्षात आरांचे नाव झाले ते मुख्यतः फुलदाण्यांच्या चित्रांसाठी! टेबलावर भांडे, भांड्यात ताजी टवटवीत फुले. आमच्या चळवळीतील एखादा याला पळवाट म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याने दुसऱ्याच्या दिवाणखान्यातील फुलदाणी पुसली आणि जागेवर ठेवली, त्याला ती आपल्या मालकीच्या कागदावर, आपल्या मर्जीच्या रंगात काढावीशी वाटली, तर त्यात पळण्यासारखे काय आहे? अर्थात हा आमचा तर्क. निश्चित एवढेच की, परिसर प्रश्न विचारतो आणि उत्तर चित्रकार देतो. उत्तर आधी कोणालाही सांगता येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही मतांची मर्यादा येथे दिसते.

हे चौघे आपला गाव सोडून शहरात गेलेले. ज्याने गाव सोडलाच नाही असा एक चित्रकार पाहिल्याखेरीज हा विचार पुरा होत नाही. जिव्या सोमा मशे हे वारली. त्यांचा जन्म १९३४ च्या सुमारास त्या वेळच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. सात वर्षांचे असताना आई वारली आणि मुलाने बोलणेच टाकले. काही वर्षे तो धुळीत बोटाने चित्रे काढून आपले म्हणणे सांगे. वारल्यांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. शेणा-गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांत सगळे जग मावते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो. जिव्यांनी ही बायकांची कला उचलली आणि लग्न असो वा नसो, रोज चित्र काढू लागले.

ज्या भागात ते वाढले, त्याच तलासरी-उंबरगाव भागात १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली आहे. जिव्या तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या गाजलेल्या चित्रांचा विषय मात्र जमीनदाराचा चाबूक हा नाही. तारप्याभोवती वळत जाणारा नाच, पाण्यावर पसरलेले मासे धरण्याचे जाळे, वारुळातून निघालेल्या मुंग्यांच्या रांगा हे त्यांचे विषय. जागेची वाटणी म्हणजे काय हे ती चित्रे शिकवितात: त्यात कोणी एक मोठा आणि बाकीचे लहान नसतात, सगळे मिळून एकच हालचाल करतात. ज्या जमातीला माणूस म्हणून मोजले जात नव्हते, तिच्या मुलाने चित्रात प्रत्येकाला सारखीच जागा दिली. आम्हांस तरी यात त्या लढ्याहून फार निराळे काही दिसत नाही.

परंतु जिव्यांची कथा येथे संपत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सत्तरीच्या दशकात डहाणूच्या बाजूस वारली पाड्यांत गेले. तत्पूर्वी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या भिंतींवरील चित्रे कागदावर आणण्याच्या कामी ते गेले होते. त्यांनी वारल्यांना कागद दिला आणि मुख्य म्हणजे ‘तुम्ही काढता तेच काढा’ असा विश्वास दिला. १९७६ साली जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते आपल्या कळंबीपाड्यासच वारले. मंडल्याच्या गुरुजींचा ठिपका आणि कुलकर्ण्यांचा कागद या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. परिसर सगळ्यांनाच असतो. त्याची शैली व्हावयाची तर, तू जे पाहतोस ते काढण्याजोगे आहे, असे मुलाला वेळेवर सांगणारा कोणी तरी लागतो. आणि काढण्यासाठी थोडी फुरसत व थोडा कागद लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोणत्याही शाळेत मुलाला म्हणावे, चित्र काढ. दहांपैकी आठ मुले काय काढतात? दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, डोंगरातून आलेली नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. अकोल्याच्या मुलाने डोंगर काढले तर समजण्यासारखे आहे. कळसूबाई त्याच्या दारात आहे. पण पाथर्डी-जामखेडच्या मुलाने ही भरून वाहणारी नदी कोठे पाहिली? शेवगावच्या सपाट काळ्या रानात नारळ कोठून आला? चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत ‘स्मरणचित्र’ नावाचा विषय आहे. नाव किती अर्थपूर्ण! मुलाने आपल्या आठवणीतले काढावे. पण तयारी म्हणून मुले पुस्तकातील ठराविक आकृत्या घोकतात आणि दुसऱ्याच्या स्मरणातले चित्र आपले म्हणून उतरवितात.

आम्ही ज्या वस्त्यांत हिंडतो तेथील मुलांजवळ स्वतःचे स्मरण काही थोडे नाही. विडी कामगाराच्या घरातील मुलगी जन्मापासून काय पाहते? आईच्या मांडीवरचे सूप, सुपात तंबाखू, मापाला कातरलेले पान, आणि न पाहता विडी वळणारी बोटे. एकाच आकाराची पुन्हा पुन्हा मांडणी आणि गड्डीतील गोल तोंडांची नक्षी. हे संकल्पचित्राचे अख्खे शिक्षण आहे. ऊसतोडणी कामगाराचे मूल काय पाहते? गाळपाचा हंगाम आला की गाव सुटते. पाचटाची कोपी, पहाटेच्या अंधारात पेटलेल्या चुली, उसाच्या मोळ्यांनी लादलेल्या गाड्या, बैलांच्या शिंगांमागे कारखान्याचे धुराडे. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. इतक्या वर्षांत या मुलांच्या डोळ्यांत केवढी चित्रे साठली असतील! त्यांतली कागदावर किती उतरली याचा हिशेब मात्र कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

कोणी म्हणेल, दारिद्र्याचे हे गोडवे झाले. तसा आमचा हेतू नाही. कोपीतील मुलाला कोपीच मिळावी आणि त्याने तिचे सुंदर चित्र काढावे, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. कोपी गेली पाहिजे, मुकादमाची उचल फेडण्यात जाणारे बालपण वाचले पाहिजे. त्यासाठीच आमचे आयुष्य चालले आहे. दारिद्र्य चित्रकार घडवीत नाही. घडण्याआधीच ते कितीकांना कोयत्याला जुंपते. आरा सातव्या वर्षी पळाले आणि चित्रकार झाले, पण सातव्या वर्षी कामाला लागलेल्या बाकीच्या मुलांची नावे कोणाला ठाऊक आहेत? आमचे म्हणणे एवढेच की, मूल जेथे आहे तेथले त्याचे पाहणे खरे आहे, आणि त्याची लाज वाटावयास लावून त्याच्या हाती दुसऱ्याचा नारळ देऊ नये.

यासाठी मोठा निधी लागत नाही. फडाजवळ भरणाऱ्या साखरशाळेत पाटीबरोबर कोऱ्या कागदांची थप्पी आणि कोळशाचे तुकडे ठेवता येतील. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर डोंगर-सूर्य काढून देण्याऐवजी, ‘काल घरी काय पाहिलेस?’ एवढा प्रश्न विचारता येईल. शाळेच्या संमेलनात बक्षीस देताना, नीटनेटक्या नकलेपेक्षा वेड्यावाकड्या पण स्वतःच्या चित्राकडे परीक्षकांनी दोन मिनिटे अधिक पाहावे. आणि घरी आपल्या मुलाने चुलीचे, म्हशीचे, गॅरेजचे किंवा एस्.टी. स्टँडचे चित्र काढून आणले, तर ‘यात काय काढण्यासारखे आहे?’ असे म्हणू नये. ते मूल चित्रकार होईलच असे नाही. बहुतेक मुले होत नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. पण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावयास शिकलेला माणूस पुढे कोणत्याही धंद्यात गेला, तरी त्याला सहसा फसविता येत नाही.